चाळीस आंबे, चाळीस मडकी आणि एक दीर

शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं मुथोकोई शिजवून स्योम्बुआ निवृत्त झाली, तेव्हा तिने मनाशी एकच ठरवलं होतं. आता जे करायचं ते असं, की दर पाच मिनिटांनी ढवळावं लागणार नाही. मका आणि घेवड्याचं ते मोठं पातेलं जरा नजर हटली की खाली लागायचं. झाडांचं तसं नसतं, एकदा लावली की ती आपली आपण वाढतात, असा तिचा समज होता.

नवरा माथेका जाताना टेकडीपलीकडची आठ एकर जमीन तिच्या नावावर ठेवून गेला होता. त्या बाजूला कोणी राहत नव्हतं, कारण पाणीच नव्हतं. घरापासून दोन तासांची चाल. वाटेत कोरडी नदी लागायची. तिच्या वाळूत कंबरभर खड्डा खणला की पाणी झिरपून यायचं. ते वाटीवाटीने कॅनमध्ये भरायचं, चार कॅन गाढवावर लादायचे आणि पुढे तासभर चढ चढायचा. केनियातल्या किटुईकडच्या बायकांना यात नवल वाटत नाही. नवल याचं वाटलं, की साठीला आलेली बाई हे सगळं आंब्याच्या चाळीस कलमांसाठी करते आहे.

सगळ्यात जास्त नवल तिच्या दिराला वाटलं. किलुंगु सव्वीस वर्षं मोम्बासाला एका गोदामावर पहारेकरी होता. खुर्चीत बसून विचार करण्याची सवय त्याला तिथेच लागली आणि गावी परतल्यावरही सुटली नाही.

"वहिनी, आंबा हट्टी झाड आहे," तो म्हणाला. "लाड केले की बिघडतं."

"भावजी, मी नुसतं पाणी घालतेय. लाड अजून सुरूच केले नाहीत."

नोव्हेंबरच्या पावसात कलमं लागली. नाताळाआधीच पाऊस निघून गेला. जानेवारीत स्योम्बुआ आठवड्यातून दोनदा गाढव घेऊन जायला लागली आणि फेब्रुवारीत तिचे गुडघे बोलायला लागले. मग तिने बाजारातून सोड्याच्या रिकाम्या बाटल्या गोळा केल्या, झाकणांना सुईने भोकं पाडली आणि प्रत्येक रोपाशेजारी एकेक बाटली उलटी रोवली. थेंब थेंब पाणी मुळाशी जाणार, आठवडाभर बघायला नको.

चौथ्या दिवशी ती गेली, तर एक बबून माकडीण दगडावर ऐसपैस बसून दोन्ही हातांनी बाटली धरून पाणी पीत होती. पोटाला पिल्लू चिकटलेलं. तिने स्योम्बुआकडे असं पाहिलं, जणू हॉटेलात वाढणाऱ्या बाईने उशीर केलाय. बाकीच्या बाटल्या चावून, पिळून चहूकडे फेकलेल्या होत्या. काही बाटल्यांबरोबर रोपंही उपटून आली होती. ती स्योम्बुआने गुपचूप पुन्हा लावली.

"मी सांगणारच होतो," किलुंगु म्हणाला.

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

त्यानंतर ती कालोंदुकडे गेली. कालोंदु म्हणजे पंचक्रोशीतली शेवटची कुंभारीण. दात सगळे पडलेले, पण हात अजून थरथरत नव्हता. स्योम्बुआने तिला सांगितलं, की चाळीस मडकी हवीत. मातीत गळ्यापर्यंत पुरणार आहे. आतलं पाणी अंगातून हळूहळू झिरपून रोपाला मिळालं पाहिजे.

"म्हणजे रडणारी मडकी हवीत तुला," कालोंदु म्हणाली. "आयुष्यभर बाया माझ्याकडे मडकं गळतं म्हणून भांडायला आल्या. गळकंच दे म्हणणारी तू पहिली. वाळू जास्त घालते आणि कमी भाजते. माझं नाव मात्र कुणाला सांगू नकोस."

ती मडकी पोचवायलाच गाढवाच्या सात फेऱ्या झाल्या. पण काम नामी झालं. मडकं पुरलं, भरलं, वर झाकण आणि झाकणावर जड दगड. बबूनांनी दोन दिवस दगड ढकलून पाहिले आणि नाद सोडला. एकदा भरलं की पाणी आठ दिवस पुरायचं. मे महिन्यात प्रत्येक कलमाला तांबूस, कोवळी पालवी आली. स्योम्बुआ त्या दिवशी शेतात नुसती बसून राहिली. ढवळायला काही नव्हतं.

जुलैत तिच्या लेकीचं, कासिवाचं, बाळंतपण आलं. नैरोबीला तीन आठवडे राहणं भाग होतं. गाढव सांभाळू शकेल आणि टेकडी चढू शकेल असा घरात एकच माणूस होता.

"दर आठ दिवसांनी मडकी तोंडापर्यंत भरायची," तिने किलुंगुला बजावलं. "झाकण ठेवायचं. दगड ठेवायचा. बाकी काही करायचं नाही."

"बरं."

"बाकी काही करायचं नाही, भावजी."

"ऐकू येतं मला, वहिनी."

नात झाली. दुसऱ्या आठवड्यात किलुंगुचा फोन आला. आवाज खुशीत होता. "इकडची काळजी सोडा. पाण्याचा प्रश्न मी कायमचा मिटवलाय." खांद्याशी रडतं बाळ होतं, म्हणून स्योम्बुआने जास्त विचारलं नाही. पुढे कित्येक दिवस ती स्वतःला याबद्दल बोल लावत होती.

परतल्यावर दुसऱ्याच सकाळी ती शेतावर गेली. किलुंगु बरोबर होता, पुढे पुढे चालत. त्याने पहिल्या मडक्यावरचा दगड काढला, झाकण उचललं आणि बाजूला झाला. मडकं काठोकाठ भरलेलं.

"बारा दिवस झाले," तो म्हणाला. "बोटभरसुद्धा कमी नाही. सगळीच्या सगळी मडकी गळत होती, वहिनी. त्या म्हातारीने तुम्हाला चक्क फसवलं. मी रस्त्याच्या कामावरून उरलेलं डांबर मागून आणलं, इथे चूल मांडून वितळवलं आणि एकेक मडकं उपसून, वाळवून आतून सारवलं. तीन दिवस लागले. हा हात बघा, भाजलाय."

हात खरंच भाजला होता. एवढी मेहनत त्याने उभ्या आयुष्यात केली नसेल, आणि स्योम्बुआला सगळ्यात जास्त तेच झोंबलं. आळशीपणा केला असता तर चार शिव्या देऊन मोकळी झाली असती. तिने रोपाकडे पाहिलं. पानं पापडासारखी कडक. बोट लावलं तर चुरा झाला. दोन वितींवर भरलेलं मडकं आणि झाड तहानेने मेलेलं.

तिने वाटी घेतली आणि एकेका मडक्यातलं पाणी उपसून रोपांना घालत सुटली. मेलेल्यांनाही घातलं. किलुंगु मागे मागे चालत होता.

"म्हणजे मडकी गळायलाच हवी होती?" अर्ध्या तासाने त्याने विचारलं.

"हो."

"मग तसं आधी सांगायचं."

"बाकी काही करायचं नाही, असं दोनदा सांगितलं होतं."

"पण हे बाकी काही नव्हतं, वहिनी. ही दुरुस्ती होती."

स्योम्बुआ महिनाभर त्याच्याशी बोलली नाही. सतरा कलमं गेली होती. उरलेल्या तेविसांसाठी पुन्हा आठवड्यातून दोन फेऱ्या सुरू झाल्या, आणि पुन्हा गुडघे. डांबर खरवडून निघेना. नवी मडकी मागायला गेली तर कालोंदु म्हणाली, पाऊस पडून माती भिजल्याशिवाय एकही होणार नाही.

शेवटी वैतागून स्योम्बुआ एक मडकं उकरून काढून उलटं मांडीवर घेऊन बसली आणि खिळा फिरवत त्याच्या बुडाला भोक पाडलं. भोकातून जुन्या एप्रनच्या पट्टीची वात ओढली आणि आतून गाठ मारली. वातीवरून पाणी मुळाशी ठिबकायला लागलं. तीन मडकी खिळ्याखाली फुटली. बाकीची जमली आणि पंधरवड्यात वाळवीने सगळ्या वाती खाल्ल्या. सुती कापड म्हणजे वाळवीला मेजवानी. मग तिने आपले दोन नायलॉनचे परकर फाडले. परकर वाळवीला आवडले नाहीत.

एक गोष्ट तिच्या हळूहळू लक्षात आली. पूर्वी पाणी आठ दिवस पुरायचं, आता सोळा दिवस पुरत होतं. पूर्वी मडकं चहूबाजूंनी पाझरायचं, आजूबाजूचं गवतही फुकट प्यायचं. आता डांबरामुळे अंग बंद आणि पाणी फक्त वातीवाटे, नेमकं मुळाशी. हे समजलं तेव्हा तिला इतका राग आला, की तिने गाढवालाच चार शब्द सुनावले. ही गोष्ट किलुंगुला कधी कळू द्यायची नाही असं तिने ठरवलं. पण टेकडीवरच्या फेऱ्या निम्म्यावर आलेल्या त्याला दिसत होत्या, आणि विचार करायला वेळच वेळ होता.

पुढल्या वर्षी शेतीखात्याची बाई आसपासच्या गावांतल्या वीसेक शेतकऱ्यांना घेऊन शेत बघायला आली. किलुंगु मोम्बासाचा कोट घालून सगळ्यांच्या पुढे उभा राहिला.

"आम्ही आधी साधी मडकी वापरून पाहिली," त्याने सुरुवात केली. "ती गळत होती. मग मी विचार केला."

स्योम्बुआ मागे उभी राहून सगळं ऐकत होती. बबून झाले, डांबर झालं, वाती झाल्या. सतरा मेलेली कलमं तेवढी त्याच्या कथेत आली नाहीत. परकरसुद्धा नुसता 'विशिष्ट कापड' म्हणून येऊन गेला.

शेतीखात्याची बाई तिच्याकडे वळली. "आई, तुम्हाला काही सांगायचंय?"

"हे सगळं भावजींचंच डोकं," स्योम्बुआ म्हणाली. "म्हणून तर मडकी भरायचं कामही तेच करतात. दर सोळा दिवसांनी, गाढव घेऊन. मला हात लावू देत नाहीत."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. किलुंगुला वीस माणसांसमोर नाही म्हणता आलं नाही.

तेव्हापासून तो जातो. पण त्याला एकट्याला पाठवायची तिची छाती होत नाही, त्यामुळे तीही जाते आणि तिची एक फेरीसुद्धा वाचत नाही. मेलेल्या सतरांच्या जागी पुढच्या पावसात नवी कलमं लागली. ती किलुंगुने बाजारातून दोन दोन करून, डोक्यावर धरून, टेकडी चढून आणली. त्या सतरांना तो मडक्याव्यतिरिक्त एकेक वाटी पाणी वरून घालतो.

"लाड करू नका, भावजी," ती म्हणते. "बिघडतात."

तो ऐकत नाही.