आम्हाला विचारलं, तो दिवस

आई स्तनाच्या कॅन्सरने गेली आणि सहा वर्षांनी माझी थोरली बहीण, अक्काही त्याच दुखण्याने गेली. तेव्हापासून मी देवीपुढे हात जोडणं सोडलं होतं. मागायचं तरी काय? रक्तातच आलेलं असेल तर आता माझी पाळी, आणि माझ्यानंतर माझ्या सुमनची.

अशात किराणा दुकानातल्या फोनवर नगरहून निरोप आला. अक्काला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी बोलावलं होतं. आमच्यासारख्या घरांतल्या बायकांना हा आजार होऊच नये म्हणून एक गोळी देऊन पाहायची होती. पण ती कशी द्यायची, हे ठरवण्याआधी त्यांना आमच्याशी बोलायचं होतं. मला रागच आला. सुमनला बघायला पाहुणे येणार होते. घरातलं दुखणं चारचौघांत कशाला मांडायचं? तरी, का कोण जाणे, त्या सकाळी मी मिरजगावच्या स्टँडवर एसटीत बसले.

शेजारी एक म्हातारी होती. ओळख ना पाळख. तिने नुसतं "काय झालं गं?" विचारलं आणि नवऱ्यालाही न सांगितलेली भीती मी तिच्यापाशी बोलून गेले.

"तुज्या आईला कुनी असं इचारलं हुतं?"

"नाही."

"बहिनीला?"

मी नकाराची मान हलवली.

"मग तुला इचारत्यात, तर गप बसू नगं. त्यांच्या वाटचंबी तूच बोल."

तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि वाटेतल्या थांब्यावर ती उतरून गेली.

नगरच्या दवाखान्यात आमच्यासारख्या बायकांची सभा भरली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तपासणीला नगरला यायचं, त्यासाठी दर महिन्याला घरी पत्र येईल. मी उठले. "बाई, पत्र साऱ्या आळीसमोर हातात पडतं. वर कॅन्सर लिहिलेलं असलं तर पोरीचं लग्न मोडेल. आणि ज्वारीच्या काढणीत नगरला कोण येणार?"

मागून एकजण म्हणाली, "व्हय, खरं हाय."

बाईंनी आपला कागद पुढे ओढला, त्यावरच्या ओळी खोडल्या. "मग कसं करायचं? तुम्हीच सांगा."

दुपारपर्यंत आम्ही सांगत होतो. पत्र रद्द झालं. तपासणी तालुक्याला, बाजाराच्या दिवशी ठरली.

त्या म्हातारीला देवीनेच पाठवलं, असं मी म्हणत नाही. पण त्या संध्याकाळी माझे हात आपोआप जुळले.

पुढच्या वर्षी सुमनचं लग्न झालं. जावयांना तिनेच आधी सगळं सांगितलं होतं. मग गोळ्या सुरू झाल्या. औषधाचा खरंच गुण येतो का हे पडताळायला काहींना औषधाची, काहींना तशीच दिसणारी साधी. कुणाला कोणती, हे बाईंनाही ठाऊक नाही. पूर्वी हे न कळणं मला सोसलं नसतं. आता रोज सकाळी गोळी तळहातावर घेते आणि म्हणते, जगदंबे, मला बोलायचं होतं ते तू वदवून घेतलंस, पुढचं तुझ्याकडे. आणि गोळी तोंडात टाकून वर पाणी पिते.