बसलेला वारा

रिठदच्या खळ्यांवर 'वारा पडला' असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. वारेमामा ऐकत असत. ज्वारी उफणायला गावभर त्यांनाच बोलावणं असे. तिवईवर उभं राहून ते सूप कलतं करत, आणि दाणा एकीकडे, भूस दुसरीकडे असं काही पडे की पाहत राहावं! वारा थांबून कुणी चुकून 'पडला' म्हणालं, की वरूनच ओरडत, "पडला म्हनू नोको बे! बसला म्हन. बसलेला उठते."

दिवसभर त्यांच्या तोंडी 'वारा' हाच शब्द. हुंदडणारं पोर दिसलं की "वारा प्यालं हे वासरू." कामचुकार गडी "कामाच्या वाऱ्याले उभा राहत नाही." एकुलत्या लेकीचा विषय निघाला, की मात्र हळू आवाजात, "तिले वाऱ्यावर सोडलं नाही म्या."

माझ्या मॅट्रिकच्या वर्षी आमचं खळं लांबलं. दुसऱ्या दिवशी पहाटे परीक्षेसाठी अकोल्याला निघायचं होतं. आभाळ भरून आलेलं, रास तशीच, आणि पानही हलत नव्हतं. आमच्या घरात शिकणारा मी पहिलाच. बाबा म्हणाले, "खळं निघाल्याबिगर कोनी कुठी जात नाही. परीक्षा पुढच्या साली दे."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मामा, वारा पडला."

मामा ओरडले नाहीत. तिवईवर चढले, भरलेलं सूप घेतलं आणि तसेच उभे राहिले.

"खाली उतरा ना," बाबा म्हणाले.

"तो उठला अन् मी खाली असलो तं?"

दुपार कलली. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही. आणि एकदम माझ्या कानाजवळचे केस हलले.

"आला! भरा बे सुपं, भरा!"

मग काय सांगू! दाणे सळसळत कोसळत होते, भूस उडत होतं, बाबासुद्धा हसत धावत होते. दिवस बुडायच्या आत खळं निघालं. मामा उतरत म्हणाले, "आता पोराले अडवू नका, भाऊ."

यंदा कॉलेजात घरचं पत्र आलं : मामांच्या अंगावरून वारं गेलं. मी धावत गावी आलो. त्यांचा उजवा हात अंथरुणावर निपचित होता. चाचरत म्हणालो, "मामा, लोक म्हणतात, वारं गेलं..."

वाकड्या ओठांनी ते कसेबसे म्हणाले, "गेलं... म्हनू नोको."

पुढचं त्यांना बोलता येईना. ते मी बोललो. आणि तो हात दोन्ही हातांत धरून बसलो, भरलेलं सूप धरावं तसा.