चाव्या तिच्या पदरात

“जीव हाय तो, सामान न्हाई.” पदर कमरेला खोचत ती हे म्हणायची.

पिंगळीपलीकडच्या एका खेड्यातल्या शाळेत मी शिकवायची, ती पाणी भरायची. नेमलेल्या कामापेक्षा न नेमलेलंच काम जास्त करणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. शाळेच्या दिवसांत आईबाप शेतात, पोरं वर्गात आणि घरात कुलपाआड मांजर नाहीतर पोपट. म्हणून माणसं शेतावर निघायच्या आधी ती घरोघर डोकावायची. उंदराचं औषध कुठं ठेवलं, चुलीतला विस्तव विझवला का, गोधडीची सुई दोऱ्यासकट पडली तर नाही ना. एकदा माझी उघडी शाईची दौत तिनं उचलून नेली आणि बूच आणल्यावरच परत दिली. “तुमी एवढ्या शिकलेल्या,” एवढंच म्हणाली.

एका वर्षी ऐन कापूस वेचणीत हिवतापाच्या डासांसाठी घराघरांत विषारी फवारणी आली. घरी कोणी थांबणार नव्हतं, म्हणून घराबाहेर काय काढायचं त्याची यादी मी केली: धान्य, अंथरुणं, पाण्याची भांडी, दूधदुभतं. लोकांनी सामान ओसरीवर मांडलं, दाराला कुलूप घातलं, चाव्या शाळेत आणून दिल्या आणि वेचणीला गेले. यादी चोख होती. तिनं ती माझ्याकडून वाचून घेतली.

“आन् मांजरं?”

मी म्हटलं, निघतील आपली आपण.

“कुलपातून?”

तोवर फवारणीवाले पंप घेऊन चाव्या मागायला शाळेच्या दारात आले. तिनं खिळ्यावरच्या चाव्या काढल्या, पदराच्या टोकाला गाठ मारून बांधल्या आणि शाळेच्या पायरीवर बसली.

फवारणीचा मुकादम चिडला. हेडमास्तरांनी कामावरून कमी करीन म्हणून दटावलं.

“करा की,” ती म्हणाली. “आदी पोरायला सोडा. आपापलं जनावर बाहीर काढू द्या. मग घ्या चाव्या.”

हिसकावून घ्यायला माणसं आहेत माझ्याकडं, असं मुकादम म्हणाला. तिनं पदर गुडघ्यावर नीट पसरून ठेवला. एकही पुरुष पुढे झाला नाही.

मी हेडमास्तरांकडे पाहिलं नाही. उठले आणि सुट्टीची घंटा दिली.

घराचं नाव विचारून तिनं एकेका पोराला चावी दिली. थोड्या वेळात पटांगणात पिंजरे, शेरडाची पिल्लं, सशांच्या टोपल्या. सगळ्यात शेवटी एक मुलगी आली. तिच्या झग्यात मांजराची चार पिल्लं होती, अजून डोळेही न उघडलेली. माळ्यावर कापसामागं सापडली, म्हणाली. मागून त्यांची आई ओरडत येत होती.

मग पायरीवरून उठून तिनं पोरांकडून परत घेतलेल्या चाव्या मुकादमापुढं ठेवल्या.

तिनं चाव्या पळवल्या असं लिहून द्या, असं हेडमास्तरांनी मला सांगितलं. मी लिहिलं, चाव्या मी दिल्या, घंटाही मीच दिली. तिचं काम गेलंच. माझी जिंतूरला बदली झाली.

निघाले त्या दिवशी ती बसपाशी आली. हातातल्या टोपलीत त्या चारांतलं एक पिल्लू, आता टकामका बघणारं. ती मला दिसली ती तेव्हाच शेवटची.

“घरात उंदराचं औषध ठेवता?”

नाही, म्हटलं.

“तुमी शाळंत गेल्यावर ह्याला कोण बघंल?”

वर्गात नेईन, म्हटलं.

“तिथला हेडमास्तर नको म्हणला तर?”

“म्हणू दे.”

तेव्हा कुठं तिनं टोपलीवरचा हात काढला.