तिसऱ्या समाधीवरचं नाव

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. आमच्या खानापूरकडच्या गावात स्मशानाच्या कडेला जुन्या लढाईतल्या शिपायांच्या चार बिननावाच्या समाध्या आहेत. कुठली कुणाची, हे शोधून यादी करायचं काम पंचायतीनं मला, शाळामास्तराला दिलं. तिसरी आमच्या गल्लीतल्या आक्काच्या वडिलांची. दर पितृपक्षात ती तिला चुना लावायची. वडिलांचा पलटणीतला कागद तिनं विश्वासानं माझ्या हातात दिला.

गावच्या पुढाऱ्याला तिथं आपल्या आजोबांचं नाव हवं होतं, आणि माझ्या मुलाची नोकरी त्याच्या शब्दावर अडली होती. मी कागद दडवला आणि खोट्या यादीवर सही केली.

नाव कोरलं तेव्हा आक्का म्हणाली, "गुरुजी, माझा बाप कुठं गेला वो?"

"बघतो," म्हणालो.

पुढच्या पितृपक्षातही तिनं चुना लावला, कोरलेलं नाव तेवढं जपून मोकळं सोडलं. "त्या म्हाताऱ्याचा काय दोष न्हाय," म्हणाली.

नंतर मी मुलाकडं बेळगावला आलो. गेल्या महिन्यात गावी जाऊन तो कागद आणि खरी यादी पंचायतीत दिली, मग आक्काच्या दारात गेलो. कुलूप होतं. ती उन्हाळ्यातच वारली होती. "आक्का, माझं चुकलं," एवढंच मी बसमध्ये घोकत आलो होतो.