कोडोलीत भरून मिळालेल्या ऐंशी प्रश्नावल्या

पन्हाळ्याला एस. टी. थांबली तेव्हा समोर ढगात बुडालेली तटबंदी होती आणि उकडलेल्या शेंगा विकणारी एक बाई होती. कोडोली कुठेच नव्हती. माझ्या वहीत तर स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं, मु. पो. कोडोली, ता. पन्हाळा. चंद्रपूरहून आलेल्या मुलीला एवढा पत्ता पुरेसा वाटला आणि ती सकाळी कोल्हापूरच्या स्टँडवर पन्हाळ्याची पाटी वाचून गाडीत चढली.

"कोडोलीला जायाचं हुतं व्हय? मग गडावर कशाला आलासा?" कंडक्टर म्हणाले.

"पत्त्यात तालुका पन्हाळा आहे ना."

"तालुक्याची कचेरी हाय हितं. गाव खाली ऱ्हायलं की!"

कोल्हापुरात कुणी हळू बोलत नाही, त्यामुळे माझी अक्कल शेंगावालीपर्यंत पोचली. तिनं मूठभर शेंगा माझ्या हातावर ठेवल्या आणि पैसे घेतले नाहीत. ती दया होती की आदरातिथ्य, मला कळलं नाही. या जिल्ह्यात दोन वर्षं राहूनही मला तो फरक कळत नव्हता.

ही गोष्ट नव्वदीच्या अखेरची. मी विद्यापीठात एम. फिल. करत होते, समाजशास्त्रात. विषय होता, दुग्धव्यवसाय करणाऱ्या कुटुंबांतील स्त्रियांचा निर्णयप्रक्रियेतील सहभाग. नाव एवढं लांब की घरी पत्रात लिहिताना कागद पुरायचा नाही. म्हैस घ्यायची की विकायची, मुलीला पुढं शिकवायचं की नाही, हे घरात कोण ठरवतं, असं ऐंशी बायकांना विचारायचं होतं. मार्गदर्शक सरांना पंधरा दिवसांत तक्ते हवे होते. आणि बाबांनी सांगून ठेवलं होतं, "दिवाळीपर्यंत काय ते आटप. मग स्थळं बघायची." माझं सगळं संशोधन या दोन तारखांच्या मध्ये कसंबसं मावत होतं. मुदत वाढवून मागणं म्हणजे बाबांशी भांडण, आणि ते मी जन्मात कधी केलं नव्हतं.

सरांच्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक कोडोलीत होते. त्यांच्याकडे सायक्लोस्टाईल केलेल्या ऐंशी प्रश्नावल्या मी आठवडाभर आधीच पाठवल्या होत्या. बायकांची यादी तेवढी करून ठेवा, असं सोबत पत्र होतं.

गडावरून खाली आले ती वडापनं (वडाप म्हणजे माणसं मावतील त्याहून दुप्पट भरणारी जीप). माझ्या मांडीवर कुणाची तरी दुधाची रिकामी किटली होती. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच काळं शेत, रस्त्यावर म्हशी. आमच्याकडे जनावरांना हाकलतात, इथं ड्रायव्हरनं जीप थांबवली आणि म्हशींची सवडीनं वाट पाहिली. शेजारच्या आजोबांनी माझं गाव, माझी जात, माझं लग्न आणि माझा पगार एवढं सगळं फाट्यापर्यंत विचारून घेतलं. मुलाखत कशी घ्यावी हे मला विद्यापीठात कुणी इतकं नीट शिकवलं नव्हतं.

गुरुजी दूध संस्थेच्या ओट्यावर उभे होते. धोतर, टोपी, खिशाला दोन पेनं.

"दोन तास झालं वाट बगतोय. कुठं हुतासा?"

"पन्हाळ्यावर."

"गड बघून आल्या, लई झ्याक," ते म्हणाले. मी खुलासा केला नाही. "आदी जेवून घ्या. कामाचं मग बघू."

जेवायला मला त्यांच्या धाकट्या भावाच्या, बापूंच्या, घरी पाठवलं. बापू बाहेरच बसले होते. आत चुलीपाशी त्यांची बायको शालनताई होत्या. गरम भाकरी, खर्डा (हिरव्या मिरच्यांचा ठेचा) आणि वाटीभर दही. मी तिखटाला घाबरत नाही अशी माझी समजूत होती, ती पहिल्या घासाला गेली. शालनताई हसल्या आणि दही वाढत राहिल्या. हळूहळू शेजारणी जमल्या. मी काही विचारलं नव्हतं, तरी त्या बोलू लागल्या.

"म्हशीची धार मी काढतो, शेण मी काढतो," शालनताई म्हणाल्या. इथल्या बायका स्वतःबद्दल 'मी काढतो' असंच म्हणतात. "आन् परवा बाजारात म्हस इकली ती मला दावं मोकळं दिसल्यावर कळली."

मग त्यांच्या मुलीचं, संगीताचं निघालं. ती कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. दहावी चांगल्या मार्कांनी झाली होती. तिला पेठ वडगावच्या कॉलेजात जायचं होतं आणि प्रवेशाचा शेवटचा दिवस दोनच दिवसांवर आला होता. बापूंनी नाही म्हटलं होतं. का, ते सांगितलं नव्हतं.

"तू एवढ्या लांबनं आलीस, तुला कुणी सोडलं?" शालनताईंनी विचारलं.

"बाबांनी."

"किती शिकणार हाईस?"

"दिवाळीपर्यंत."

तांदूळ निवडणाऱ्या संगीतानं मान वर केली. या प्रश्नाला लोक पदवीचं नाव सांगतात. मी महिना सांगितला होता.

जेवून बाहेर आले तेव्हा घराच्या ओट्यावर गुरुजी, बापू आणि सात-आठ माणसं खुशीत बसली होती. गुरुजींनी सुतळीनं बांधलेला गठ्ठा माझ्या हातात दिला.

"झालं तुमचं काम! ऐंशीच्या ऐंशी. सकाळपास्नं ह्या सगळ्यांस्नी लिवायला बसीवलंय."

मी गठ्ठा सोडला. बायकांची नावं खरी होती. अक्षरं पुरुषांची. कोण ठरवतं, या प्रत्येक प्रश्नापुढं सगळीकडे एकच उत्तर होतं, दोघे मिळून.

"गुरुजी, हे बायकांना विचारायचं होतं."

"आवो, बायका कामात असत्यात. त्यांस्नी कशाला तरास? आन् घरचं आमास्नी ठावं न्हाय व्हय? मीच सांगितलं सगळ्यांस्नी, विद्यापीठात जायाचं हाय, गावाला बोल लागंल असं कायबी लिवायचं न्हाय."

मला रडू यायला लागलं आणि हसूही. ही माणसं शेताची कामं टाकून माझ्यासाठी बसली होती. त्यांच्यावर रागवायचं तरी कसं? आणि रागवायचं नाही तर करायचं काय? माझ्या हातात पूर्ण झालेला प्रबंध होता आणि त्यात एकही बाई नव्हती.

दारातून शालनताईंचा आवाज आला. "माझा कागद कंचा त्यात? वाच की, मी काय म्हणलोय ते."

मी शोधून काढला आणि वाचला. म्हैस खरेदी-विक्री, दोघे मिळून. मुलीचं शिक्षण, दोघे मिळून.

त्यांनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला, पण आवाज खाली आला नाही. "भावजी, हे कुणी लिवलं?"

"बापूनं. मी सांगितलं तसं," गुरुजी म्हणाले.

"मग मला कवा इचारलं, ते बी इचारा त्यास्नी."

बापू मान खाजवू लागले. ओट्यावरचा एक जण खाकरला. गुरुजींनी कागदाकडे पाहिलं, मग बापूंकडे, मग पुन्हा कागदाकडे. स्वतःच सांगून लिहून घेतलेलं खोटं म्हणायचं तर मास्तरकी जाते, खरं म्हणायचं तर भाऊ अडचणीत येतो.

"बापू," अखेर ते म्हणाले, "लिवलं हाईस न्हवं?"

"लिवलंय," बापू पुटपुटले.

"मग लिवल्यापरमानं परवा वडगावला दोघंबी जायाचं," शालनताई म्हणाल्या. त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला, चार घड्या केल्या आणि कमरेला खोचला. "एक कमी पडला तर चालंल न्हवं?"

"चालेल," मी म्हणाले. बापू 'बघू' म्हणाले. ते परवा वडगावला गेले की नाही, मला माहीत नाही. बापूंचा तो 'बघू' होकार होता की नकार, यावर मी परतीच्या एस. टी.त कोल्हापूर येईपर्यंत विचार करत होते.

आणखीही एक विचार होता, तो मला आवडत नव्हता. पिशवीत एकोणऐंशी कागद होते. तक्ते चार दिवसांत निघाले असते. अक्षराचं कुणी विचारणार नव्हतं, बायका निरक्षर होत्या म्हणून दुसऱ्यानं लिहिलं, असं म्हणता आलं असतं. दिवाळीला घरी, सगळे खूश. शिवाय शालनताईंचा कागद लिहिला तेव्हा खोटा होता आणि त्यांनी खोचला तेव्हा खरा व्हायला लागला होता. मग बाकीच्यांना खोटं म्हणणारी मी कोण? पंचगंगेच्या पुलावर गाडी आली तरी माझं ठरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी विद्यापीठात सरांनी गठ्ठा पाहिला. "वा! शंभर टक्के प्रतिसाद. लागा तक्त्यांना."

"सर, हे पुरुषांनी भरलेत."

मी बोलेन असं मला वाटलं नव्हतं. सरांनी चष्मा काढला. माणूस वाईट नव्हता. "अहो, गावात असंच होतं. सगळेच असे तक्ते काढतात," ते समजुतीनं म्हणाले. मी उभीच राहिले. "मग परत जावं लागेल, एकेका घरी. सहा महिन्यांची मुदतवाढ लागेल. घरच्यांना विचारलंत का?"

"नाही."

"मग आधी विचारा."

मी बाहेर पडले ती थेट एस. टी. डी. बूथवर. काचेच्या पेटीत उकडत होतं. बाबांच्या ऑफिसात फोन लागला. दिवाळीला काम होणार नाही, मी आणखी सहा महिने इथं राहते आहे, स्थळं बघू नका, हे सगळं मी एका दमात सांगितलं, कारण मध्ये थांबले असते तर पुढचं आलं नसतं.

"कोणाला विचारून?" बाबांनी विचारलं.

"कोणालाच नाही."

पेटीतल्या मीटरवर आकडे पळत होते. मला भयंकर भीती वाटत होती, तरी मी रिसीव्हर खाली ठेवला नाही. त्यांनीही ठेवला नाही.