तीन नंबरची शेळी आणि माझं सॉर्टिंग

मागच्या रविवारी येडशीला काकांकडे होते. गोठ्यात जागा पुरेना, म्हणून बावीसपैकी सहा शेळ्या बाजारात न्यायचं ठरलं होतं. कुठल्या सहा, यावरून काका-काकूंचं आठवडाभर वाजत होतं.

मी धाराशिवच्या कॉलेजात गणित शिकवते. म्हटलं, त्यात काय एवढं... लॅपटॉप कशाला आहे?

काकूंनी सांगितलं तसं वहीत लिहून घेतलं. कानातल्या बिल्ल्याचा नंबर, वय, औंदाची करडं. गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये तीन रकान्यांचं मॅट्रिक्स केलं, सॉर्टची आज्ञा दिली. कमी करडंवाल्या वर आल्या. वरच्या सहा काकांना सांगून मोकळी झाले.

यादीत तीन नंबरच्या शेळीपुढं शून्य होतं.

"तिनं तर तीन दिली की गं! म्याच बाळंतपण केलं तिचं," काकू म्हणाल्या.

मी म्हटलं, "काकू, कॉम्प्युटर चुकत नसतो." असं एकदा नाही, तीनदा म्हटलं. तोऱ्यातच होते मी.

टेम्पो आला, पाच शेळ्या चढल्या. काकू मात्र तीन नंबरचं दावं हातात धरून उभ्या. काका वैतागले, "सोड की आता!" त्या हलेनात. शेवटी त्यांची समजूत काढायला म्हणून मी वही उघडली... तर माझ्याच अक्षरात, तीन नंबरपुढं तीन करडं!

साध्या सॉर्टनं प्रत्येक रकाना वेगवेगळा लावला होता. एकीची करडं दुसरीच्या नावावर. यादीत बिल्ल्यांचे नंबरही एक, दोन, तीन असे ओळीनं लागलेले... तरी गणिताच्या बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

"समद्या उतरवा रं," काका म्हणाले आणि स्वतःच शेळ्या उतरवून घ्यायला लागले.

मग 'सॉर्ट-रोज' (sortrows) ही दुसरी आज्ञा वापरली. त्यात शेळीची अख्खी ओळ एकत्र हलते. आधी करडांचा रकाना, बरोबरी झाली तर वयाचा. प्रत्येक ओळ वहीशी ताडून पाहिली. नव्यानं सहा निघाल्या, तीन नंबर त्यांत नव्हती.

सॉफ्टवेअरला दोष नाही, मी सांगितलं तेच त्यानं केलं. काकू खरं सांगत होत्या आणि हाताशी वही असून मी ती उघडली नाही, याची मात्र लाज वाटते. त्यांनी दावं सोडलं नाही, हे माझ्यावर उपकारच झाले.