दोनशे चौदावा व्हॉल्व्ह

कानामागून आली आणि तिखट झाली, असं थोरली धाकटीबद्दल रोज म्हणायची. पंपघराच्या घरघराटात ते कुणाला ऐकू जायचं नाही, एवढीच काय ती सोय.

थोरली अणुवीजकेंद्रात फील्ड ऑपरेटर. पदविका हातात पडली आणि लगेच नोकरीला लागली. गेली चौदा वर्षं कानांवर आवाज अडवणारे इअरमफ आणि समोर पाइपच पाइप. धाकटीने मात्र चार वर्षं इंजिनीअरिंग केलं, वर अणुभट्टीच्या विषयात आणखी दोन, वर केंद्राचं प्रशिक्षण. आता तिला नियंत्रण कक्षात बसायचा परवाना हवा होता. तिथे खुर्ची असते, गारवा असतो आणि माणूस हळू बोलला तरी ऐकू येतं.

वडिलांनी धाकटीचा पदवीदानाचा फोटो बैठकीच्या खोलीत लावला होता. थोरलीची पदविका कपाटात, फ्रिजच्या वॉरंटीखाली. फ्रिज बिघडला की तेवढी ती बाहेर यायची.

परवान्याच्या तोंडी परीक्षेआधी उमेदवाराने पंपघरातला प्रत्येक व्हॉल्व्ह समोर उभं राहून ओळखायचा आणि तिथल्या जुन्या ऑपरेटरने तक्त्यावर सही करायची, असा नियम होता. ती सही थोरलीची. नाही मिळाली तर परीक्षा सहा महिने पुढे.

"बहीण म्हणून सोडू नका हं," शिफ्ट इन्चार्ज हसत म्हणाले.

"सोडतेय कसली!" थोरली म्हणाली. ती हसत नव्हती.

दोनशे तेरा व्हॉल्व्ह धाकटीने घडाघडा सांगितले. थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. शेवटचा, दोनशे चौदावा, बंद ठेवलेल्या पंपामागे भिंतीशी होता. तो उघडा की बंद ते दाखवणारी पट्टी झिजून गेली होती. बदलायची चिठ्ठी थोरलीनेच आठवड्यापूर्वी दिली होती.

"हा आत्ता उघडा की बंद?"

धाकटीने वाकून पाहिलं, टॉर्च मारला. "इथून कळत नाही, ताई."

"अगं, चौदा वर्षं बघतेय मी. नेहमी बंदच असतो. सांग ना, बंद."

"असेल. पण मी पाहिलेलं नाही. नियंत्रण कक्षाला विचारीन, तोवर हात लावणार नाही."

सात वर्षांपूर्वी थोरलीही याच परवान्याच्या तोंडी परीक्षेला बसली होती. परीक्षकांनी असाच एक व्हॉल्व्ह विचारला, आणि ती छाती पुढे काढून म्हणाली, बंद. तो बंदच होता. तरीही नापास केलं, कारण न बघता सांगितलं. घरी तिने सांगितलं, पदवीवाल्यांनाच घेतात हो. वडिलांनी विश्वास ठेवला. हळूहळू तिनेही ठेवला.

आता पेन हातात होतं. 'आत्मविश्वास कमी' एवढं लिहिलं की सहा महिने निवांत. तिने पेनचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. मग सही केली. अक्षर वाकडं आलं.

धाकटीने तक्ता छातीशी धरला. "आठवतं? शाळेत जाताना तू मला गॅस बघायला परत पाठवायचीस. मी म्हणायचे, बंद असेल. तू म्हणायचीस, असेल नको, बघून ये. एकदा तर बसस्टॉपवरून पाठवलंस!"

थोरलीचा हेवा काही कमी झाला नाही. उलट वाढलाच. पोरीने डिग्री मिळवली, फोटो मिळवला, ते एक वेळ चाललं असतं. पण हे 'असेल नको, बघून ये' तर थोरलीचंच होतं, आणि स्वतःच्या परीक्षेत ऐन वेळी ते तिलाच आठवलं नव्हतं.

"काय म्हणालीस?" असं ओरडत तिने गळ्यातले इअरमफ कानांवर ओढले.

"काही नाही, ताई!"

पलीकडचे पंप चालू होते, पण इथे बंद पंपाआड भिंतीशी तसं शांतच होतं. तिला शब्द न् शब्द ऐकू आला होता.